'फ्री' (१९६८–१९७३) : मोकळ्या जागेचा ब्लूज

मंद्रसप्तक

ब्रिटिश ब्लूज-रॉकचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभ्या राहिलेल्या रॉकचा, विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिन या तीन नावांशी येऊन संपते. त्याच काळात, त्याच लंडनमध्ये उभा राहिलेला आणि अवघ्या पाच वर्षांत दोनदा मोडलेला 'फ्री' हा बँड बहुतेकांना एकाच गाण्यापुरता ठाऊक असतो. त्या गाण्यापलीकडचे फ्री, त्यांची वाटचाल आणि त्यांच्या वादनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट, यांवर सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी आणि मतभेद असतील तर तेही मांडावेत.

पॉल कोसॉफ हा नट डेव्हिड कोसॉफ यांचा मुलगा. लहानपणी तो अभिजात पद्धतीची गिटार शिकला, मग ती सोडली आणि जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'मधला क्लॅप्टन ऐकल्यावर पुन्हा गिटारकडे वळला. 'ब्लॅक कॅट बोन्स' नावाच्या बँडमध्ये तो वाजवत असताना तिथे सायमन कर्क हा ड्रमर येऊन मिळाला. पॉल रॉजर्स हा ईशान्य इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या पोलादाच्या गावचा. तो लंडनमध्ये 'ब्राउन शुगर' या बँडबरोबर गात असे. फिन्सबरी पार्क भागातल्या एका क्लबात कोसॉफने त्याला ऐकले आणि हाच आपला गायक, हे जागच्या जागी ठरवून टाकले. बास गिटारसाठी अँडी फ्रेझरचे नाव सुचवले ते अलेक्सिस कॉर्नर यांनी. ब्रिटिश ब्लूजच्या दोन पिढ्या ज्यांच्या घरातून उठून गेल्या असे ते गृहस्थ. फ्रेझर तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि तेवढ्या वयात मेयॉलच्या बँडमध्ये थोडे दिवस वाजवूनही आला होता. एप्रिल १९६८ मध्ये बॅटरसी भागातल्या 'नॅग्ज हेड' या पबमध्ये चौघांनी पहिला कार्यक्रम केला, तेव्हा रॉजर्स आणि कर्क अठरा वर्षांचे होते आणि कोसॉफ सतराचा. 'फ्री' हे नावही कॉर्नर यांचेच देणे. त्यांच्या स्वतःच्या एका त्रिकुटाचे नाव 'फ्री ॲट लास्ट' होते.

आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेल यांनी त्यांना करारबद्ध केले. ब्लॅकवेल यांना बँडचे नाव बदलून 'हेवी मेटल किड्स' करायचे होते. मिसरूड फुटलेल्या या मुलांनी ते साफ नाकारले. पहिला अल्बम 'टन्स ऑफ सॉब्ज' १९६९ च्या मार्चमध्ये आला. गाय स्टीव्हन्स यांनी तो फारशी रंगसफेदी न करता, क्लबात वाजतो तसाच ध्वनिमुद्रित करून घेतला. त्यात 'गोइंग डाउन स्लो' हा सेंट लुईस जिमी ओडेनचा जुना ब्लूज आहे आणि अल्बर्ट किंगने गाजवलेले 'द हंटर' आहे. हा अल्बम ऐकताना त्यांच्या वयाचा अंदाज येतो, कारण ताकद दाखवण्याची घाई त्यात जागोजागी दिसते.

खरी गंमत दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे ऑक्टोबर १९६९ च्या 'फ्री'पासून सुरू होते. त्या दोन-तीन वर्षांत बहुतेक गोऱ्या ब्लूज-वादकांनी अमेरिकी ब्लूजमधून आवाज उचलला, वेग उचलला आणि एकेका गाण्याचा वीस मिनिटांचा फराळ केला. या चौघांनी मात्र मडी वॉटर्स किंवा बी. बी. किंग या अमेरिकी ब्लूज-कलावंतांच्या वादनातला विराम उचलला. एक ओळ गायची, गप्प बसायचे आणि त्या गप्प बसण्यातच पुढच्या ओळीची ओढ निर्माण करायची. विलंबित ख्यालात चांगला गवय्या समेवर येण्याआधी जी पोकळी सोडतो, तिची सवय असलेल्या आपल्या कानाला फ्री लगेच आपलेसे वाटतात, असा माझा अनुभव आहे.

कोसॉफच्या बोटाबद्दलही लिहायला हवे. गिटारची तार दाबून धरलेले बोट हलवले की सूर आपल्या जागेपासून किंचित वर चढतो आणि परत जागेवर येतो. याला व्हायब्रेटो म्हणतात. आपल्या दरबारीतल्या गंधाराचे आंदोलन संथ, झुलते असते. कोसॉफचे आंदोलन जलद, घट्ट आणि शेवटपर्यंत एकाच रुंदीचे असते, आणि ते तो सूर लावल्याबरोबर करत नाही. आधी सूर सरळ उभा करतो, क्षणभर तसाच ठेवतो आणि मग त्याला कंप देतो. १९६९ मध्ये क्लॅप्टनच्या 'ब्लाइंड फेथ'बरोबर फ्री अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना खुद्द क्लॅप्टनने हे कसे करतोस म्हणून त्याला विचारले, आणि ही आपली थट्टा चालली आहे असे त्याला वाटले, हा किस्सा कोसॉफ नंतर सांगत असे. ज्याला ऐकून गिटार हाती घेतली त्यानेच असा प्रश्न विचारल्यावर अठरा वर्षांच्या मुलाला दुसरे काय वाटणार?

तिरकीट

धागा उत्तम आहे, पण 'विराम उचलला' या वाक्यात आपण त्यांच्या पदरी जरा जास्तच विचारपूर्वकता घातली आहे, असे नम्रपणे म्हणतो. मी हौशी ड्रमवादक आहे आणि फ्रीची गाणी कार्यक्रमांत वाजवली आहेत, म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

या बँडची रचनाच अशी होती की मोकळी जागा आपोआप पडणार. गायक गातो, वाद्य वाजवत नाही. दुसरा गिटारवादक नाही. कायमचा कीबोर्डवादक नाही. त्यामुळे कोसॉफ सोलो घेऊ लागला की खाली फक्त बास आणि ड्रम्स उरतात. क्लॅप्टनचा 'क्रीम' किंवा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्याही त्रिकुटात हीच अडचण होती आणि त्यांनी ती भरपूर वाजवून सोडवली. फ्रीने ती तशीच उघडी ठेवली, हे श्रेय निश्चित त्यांचे. पण सुरुवात गणितापासून झाली, तत्त्वज्ञानापासून नव्हे.

आता सायमन कर्कबद्दल, कारण त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही. 'फायर अँड वॉटर' या गाण्याचा ठेका वरवर इतका सोपा आहे की महिन्याभरात शिकलेला विद्यार्थी तो वाजवू शकेल. तोच ठेका कर्कच्या लयीत चार मिनिटे धरून दाखवा, असे मी शिकणाऱ्या मुलांना सांगतो, आणि दुसऱ्या मिनिटाला लय वाढलेली असते. दोन ठोक्यांमधले अंतर मोठे असले की हात आपोआप पुढे धावतो. आपल्याकडेही विलंबित एकतालाचा ठेका धरणारा तबलजी म्हणूनच दुर्मीळ असतो. कर्कचा हात धावत नाही. फ्रेझरची बास कधी ठोक्यावर येते, कधी ठोक्यानंतर येते आणि कधी येतच नाही. अशा बासवाल्याच्या शेजारी बसून स्वतः तसूभरही न हलणे हे काम किती अवघड आहे, ते केल्याशिवाय कळत नाही.

'मिस्टर बिग' ऐका. तिथे सोलोची वेळ आल्यावर गिटारवाला कॉर्ड धरून उभा राहतो आणि वर चढत जाते ती बास. सतरा वर्षांच्या फ्रेझरला ही मोकळीक बाकी तिघांनी दिली, यात त्या बँडचा सगळा स्वभाव आला.

जुनीसुई

ज्या एका गाण्याचा मंद्रसप्तक यांनी मुद्दाम उल्लेख टाळला, त्याचा मी करतो. 'ऑल राइट नाऊ'ला नाके मुरडणे ही रसिकांमधली एक फॅशन झाली आहे. ते गाणे इतके वाजले आहे की ते ऐकणेच आपण सोडून दिले आहे.

त्याच्या जन्माची हकिकत बँडच्याच मंडळींनी अनेकदा सांगितली आहे. डरहॅममध्ये एका पावसाळी रात्री त्यांचा कार्यक्रम अगदी मोजक्या श्रोत्यांपुढे झाला आणि पार पडला. टाळ्या इतक्या विरळ पडल्या की मंचावरून उतरताना त्या संपूनही गेल्या होत्या. मागच्या खोलीत सगळे मान खाली घालून बसले असताना फ्रेझर ते तीन शब्द गुणगुणू लागला. कार्यक्रमाचा शेवट धडाक्यात करता येईल असे आपल्याकडे एकही गाणे नाही, ही जाणीव त्यामागे होती. रॉजर्सने शब्द लिहिले. ब्लॅकवेल यांना त्याचा सिंगल, म्हणजे स्वतंत्र छोटी तबकडी, काढायचा होता, पण रेडिओसाठी साडेपाच मिनिटे फार होतात म्हणून गिटारचा सोलो कापायचे ठरले आणि त्यावरून बरीच वादावादी झाली. १९७० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्यापाठोपाठ 'फायर अँड वॉटर' हा अल्बमही इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

आता हे गाणे हेडफोन लावून ऐका आणि कडव्यांमध्ये बास शोधा. ती तिथे नाहीच. पहिल्या कडव्यात गिटार, ड्रम्स आणि रॉजर्सचा आवाज एवढेच आहे. धृपद आले की फ्रेझर आत येतो आणि खोलीची जमीन एकदम खाली गेल्यासारखी वाटते. तुम्ही ज्याला मोकळी जागा म्हणता, तिचे सर्वांत मोठे उदाहरण त्यांच्या सर्वांत बाजारू ठरवलेल्या गाण्यातच आहे. याच गाण्याने १९९१ मध्ये एका च्युइंग गमच्या जाहिरातीमुळे पुन्हा इंग्लंडच्या पहिल्या दहांत जागा मिळवली. इतका टिकाऊपणा नुसत्या गोंगाटाला येत नाही.

पाऊलवाट

या बँडचे मी काहीच ऐकलेले नाही. सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

मंद्रसप्तक

पाऊलवाट, 'फायर अँड वॉटर'पासून करावी. सातच गाणी आहेत. त्यातले 'हेवी लोड' रात्री ऐकावे.

जुनीसुई, आपला ठपका मान्य आहे आणि कडव्यांतल्या बासचा मुद्दा बिनतोड आहे. माझी तक्रार त्या गाण्याविरुद्ध नसून त्या गाण्यानंतर जे घडले त्याविरुद्ध आहे. ३० ऑगस्ट १९७० रोजी आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात हा बँड वाजला. तिथल्या गर्दीचे अंदाज सहा लाखांपर्यंत जातात. डरहॅममधल्या त्या ओकाबोका सभागृहापासून इथपर्यंतचा प्रवास फार थोड्या काळात झाला होता आणि फ्रेझरने तेव्हा नुकतीच अठरावी ओलांडली होती. पुढच्या सिंगलची, पुढच्या अल्बमची मागणी लगेच सुरू झाली.

त्या मागणीला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे डिसेंबर १९७० चा 'हायवे'. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत पक्व अल्बम आहे. अमेरिकेच्या 'द बँड' याच नावाच्या गटाचा प्रभाव त्यावर उघड आहे. पियानो आहे, गाणी हळुवार आहेत, आणि 'बी माय फ्रेंड'मध्ये रॉजर्स जवळजवळ कुजबुजीच्या अंतरावरून गातो. वेष्टनावर बँडचे नाव धड वाचताही येत नव्हते. 'द स्टीलर' हा सिंगल इंग्लंडमध्ये पडला आणि अल्बम एकेचाळिसाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही. लोकांना दुसरे 'ऑल राइट नाऊ' हवे होते आणि हे चौघे तर आणखी शांत होत चालले होते. एका गाण्याने मिळालेल्या श्रोत्यांनी दुसऱ्या गाण्याचे ऐकून घेतले नाही, असे याचे वर्णन करता येईल. १९७१ च्या वसंतात, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यानंतर, बँड मोडला.

अमावास्या

इथे मात्र मला आडवे यावे लागेल. 'हायवे' विकला गेला नाही म्हणून बँड मोडला, हे सोयीचे आणि काहीसे हळवे स्पष्टीकरण आहे.

पहिली गोष्ट, मोडण्याच्या सुमारास त्यांचा 'माय ब्रदर जेक' हा सिंगल इंग्लंडमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला होता आणि त्याच वर्षीचा 'फ्री लाइव्ह' हा अल्बमही चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. म्हणजे श्रोते पळून गेलेले नव्हते. दुसरी गोष्ट, बहुतेक गाणी रॉजर्स आणि फ्रेझर यांनी मिळून लिहिलेली होती आणि दोघांनाही आपलेच म्हणणे खरे वाटत असे; विशीच्या आसपासच्या दोन कर्त्या पुरुषांचे एकत्र कुटुंब किती दिवस चालणार? मोडल्यावर एकाने 'पीस' नावाचा आणि दुसऱ्याने 'टोबी' नावाचा बँड काढला, आणि दोन्ही वाऱ्यावर गेले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोसॉफ. सप्टेंबर १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला, तो त्याचा देव होता. तेव्हापासून ढासळत चाललेला कोसॉफ बँड मोडल्यावर मॅन्ड्रॅक्स या गुंगीच्या गोळ्यांत पुरता अडकला. बँड हेच त्याचे घर होते.

१९७२ च्या आरंभी चौघे पुन्हा एकत्र आले, ते प्रामुख्याने त्याला सावरण्यासाठी. त्या पुनर्मीलनातून आलेल्या 'फ्री ॲट लास्ट' या अल्बमला नववा क्रमांक मिळाला, 'लिटल बिट ऑफ लव्ह' बऱ्यापैकी चालले. पण कोसॉफ कधी मंचावर उभा राहू शके, कधी नाही. जुलैमध्ये फ्रेझर कायमचा बाहेर पडला. जपानचा दौरा तोंडावर होता, म्हणून तेत्सु यामाउची हा जपानी बासवादक आणि टेक्सासचा कीबोर्डवादक जॉन बंड्रिक, ज्याला सगळे 'रॅबिट' म्हणत, यांना बोलावण्यात आले. कोसॉफ त्या दौऱ्यावर गेलाच नाही आणि गिटारही रॉजर्सनेच वाजवली. मोकळ्या जागेचे सौंदर्य मी नाकारत नाही, पण या दिवसांत मंचावर पडलेली मोकळी जागा कोणीही निवडलेली नव्हती.

जुनीसुई

अमावास्या यांच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे. फक्त शेवटच्या अल्बमची बाजू घ्यायची राहिली, ती घेतो. जानेवारी १९७३ चा 'हार्टब्रेकर' हा खरा फ्री नव्हेच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. रॅबिटच्या कीबोर्डने सगळ्या फटी बुजवल्या, हे खरे आहे. कोसॉफ काही गाण्यांतच आहे आणि वेष्टनावर त्याचे नाव बाहेरच्या वादकासारखे, पाहुण्यांच्या यादीत छापले होते. स्वतः स्थापन केलेल्या बँडमध्ये कुणालाही ते झोंबेल. तरीही 'विशिंग वेल' ऐकावे. आपल्याच हाताने स्वतःला संपवत चाललेल्या एका मित्राला उद्देशून रॉजर्स गातो आहे असे ते ऐकताना वाटते आणि ऐकणारे बहुतेक जण ते कोसॉफवरचेच मानतात. ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले. 'कम टुगेदर इन द मॉर्निंग'मध्ये कोसॉफची गिटार फिरत्या स्पीकरमधून आल्यासारखी, भिजलेली ऐकू येते. त्या एका सोलोसाठी मी हा अल्बम कोणाशीही भांडून राखीन.

त्यानंतरच्या अमेरिका दौऱ्यावर कोसॉफच्या जागी 'ओसिबिसा'चा वेंडेल रिचर्डसन होता. दौरा संपला आणि बँडही संपला.

तिरकीट

पुढचे थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे धागा वाचणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही. रॉजर्स आणि कर्क यांनी 'मॉट द हूपल'मधला मिक राल्फ्स आणि 'किंग क्रिम्सन'मधला बॉझ बरेल यांना घेऊन 'बॅड कंपनी' काढली. लेड झेपेलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी ती हाती घेतली आणि १९७४ चा पहिलाच अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. फ्रीला जे जमले नाही ते सगळे बॅड कंपनीला जमले. गाणी चोख, ठेका तोच, पैसा भरपूर. मात्र फ्रेझर नसल्यामुळे ठोक्याच्या आजूबाजूची धाकधूक नाहीशी झाली. बॅड कंपनीची गाणी मी डोळे मिटून वाजवतो. फ्रीची वाजवताना बासवाल्याच्या हाताकडे पाहावे लागते.

तेत्सु 'फेसेस'मध्ये रॉनी लेनच्या जागी गेला, रॅबिट पुढे 'द हू'बरोबर वाजवत राहिला. फ्रेझरने रॉबर्ट पामरला 'एव्हरी काइंडा पीपल' हे गाणे लिहून दिले. तो २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. रॉजर्स २००४ पासून काही वर्षे 'क्वीन'बरोबरही गायला.

अमावास्या

आणि कोसॉफ. त्याने 'बॅक स्ट्रीट क्रॉलर' नावाचा बँड काढला होता. १९७५ मध्ये रुग्णालयात त्याचे हृदय एकदा थांबले आणि डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केले. १९७६ च्या एप्रिलमध्ये बॅक स्ट्रीट क्रॉलर आणि बॅड कंपनी यांचा इंग्लंडमध्ये एकत्र दौरा ठरला होता, म्हणजे जुने तीन मित्र पुन्हा एका मंचाच्या आसपास येणार होते. १९ मार्च रोजी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात झोपेतच तो गेला. वय पंचवीस. डेव्हिड कोसॉफ यांनी त्यानंतर मुलाच्या मृत्यूवर आणि व्यसनावर एकपात्री प्रयोग रचला आणि तो घेऊन ते हिंडत राहिले. बायबलमधल्या गोष्टी सांगणारा म्हणून देशाला ठाऊक असलेला हा नट उतारवयात आपल्या पोराची गोष्ट सांगत गावोगाव फिरला.

उत्तरायण

उशिरा लिहितो आहे. मी गेली अनेक वर्षे लीड्समध्ये राहतो. आमच्या उत्तरेकडच्या जुन्या मंडळींमध्ये फ्री हे नाव अजून घरातल्यासारखे घेतले जाते, कारण लंडनला त्यांची फारशी पर्वा नव्हती तेव्हा ईशान्येकडच्या सभागृहांनी त्यांना डोक्यावर घेतले. 'फ्री लाइव्ह'चा काही भाग संडरलंडचा आणि काही क्रॉयडनचा आहे. त्याचे मूळ वेष्टन विमान-टपालाच्या पाकिटासारखे असून वर तिकिटांच्या जागी चौघांचे चेहरे छापलेले आहेत.

मंद्रसप्तक आणि जुनीसुई यांच्यात 'ऑल राइट नाऊ'वरून जो वाद झाला, त्यात माझ्याकडची एक वस्तू पुरावा म्हणून ठेवतो. इथल्या एका जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात खोक्यात तळाशी पडलेली त्या सिंगलची मूळ तबकडी मला दोन पौंडांत मिळाली. गाण्याची बाजू इतकी वाजवली गेली होती की खाचा करड्या पडल्या होत्या आणि सुई तिथे कढईत मोहरी तडतडावी तशी तडतडत होती. मी ती उलटी केली. मागच्या बाजूला 'माउथफुल ऑफ ग्रास' आहे, दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे. त्यात शब्द नाहीत, एक सावकाश फिरणारी सुरावट आहे आणि शेवटाकडे तिच्यामागे नुसते आकारातले आवाज येतात. ती बाजू कोरी करकरीत होती. पहिल्या मालकाने ती बहुधा एकदाही वाजवली नसावी.